चुलीच्या तोंडातून परतलेला ग्रंथ

मित्रांनो, मी एक जुना प्रार्थनाग्रंथ आहे. माझ्या पाठीचे चामडे तडकले आहे, कोपरे उंदरांनी चाखून पाहिले आहेत. पण माझा आवाज अजून खणखणीत आहे.

माझा जन्म ॲमस्टरडॅमच्या एका ज्यू छापखान्यात झाला. फायव्हेल नावाचे शांत, विद्वान गृहस्थ माझी पाने तपासत. त्यांच्या पोटात एक गुपित होते. ते लहान असताना तुर्कांच्या मुलखात एका माणसाने 'मीच तुमचा तारणहार' असे जाहीर केले होते. गावेच्या गावे सामान बांधून यरुशलेमला निघायला तयार झाली. मग सुलतानाने दरडावले आणि त्या माणसाने धर्मच बदलला! बहुतेकांनी कपाळाला हात लावला. थोड्यांनी मात्र ती आशा चोरून जपली. फायव्हेल त्यांतलेच.

भर उन्हाळ्यात एक मोठा उपवास येतो. त्या दिवशी आमची माणसे जमिनीवर बसून यरुशलेमच्या जळालेल्या मंदिरासाठी रडतात. चोरून आशा जपणाऱ्यांसाठी मात्र तो त्यांच्या तारणहाराचा वाढदिवस. फायव्हेल यांनी विलापगीतांमध्ये हळूच एक गाणे सरकवले, 'आज राजा जन्मला, अश्रू पुसा.' कोणाला पत्ता लागला नाही.

पुढे मध्य युरोपातल्या मोराविया प्रांतातल्या एका बाईने मला जत्रेत विकत घेतले. तिच्यामागून मी तिच्या लेकीकडे, हेंडलकडे आलो. ज्या बायकांना वाचता येत नसे, त्यांना हेंडल प्रार्थनामंदिरात माझ्यातून मोठ्याने वाचून दाखवी. ती रडली की जाळीमागे वेगळ्या बसणाऱ्या सगळ्या बायका रडत. केवढा मान होता आम्हा दोघांना!

माझी दोन पाने तिच्या आईच्या मेणबत्तीच्या मेणाने चिकटलेली होती, आणि फायव्हेल यांचे गाणे नेमके त्यांतच दडले होते. एका कडक उन्हाळ्यात ती सुटली. नेमक्या उपवासाच्या दिवशी हेंडलने ते नवे गाणे गोड चालीवर म्हटले.

शेजारची यिटल ताडकन उठली. "अगं हेंडल, सुतकात पाळणा म्हणतेस?"

दुसऱ्या दिवशी रब्बींच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, घरी पंच जमले; हेंडलला बोलावले, यिटलही आली. रब्बींनी ते पान वाचले आणि त्यांचा चेहरा उतरला. त्या खोट्या तारणहाराचे गुण गाणारी पुस्तके जाळायची, असा त्यांचाच हुकूम होता.

"माझ्या आईचं आहे हो ते," हेंडल म्हणाली. "उद्यापासून बायकांना काय वाचून दाखवू?"

"पुस्तकं काय, ढीगभर मिळतात," प्रार्थनामंदिराचा सेवक लेमल म्हणाला.

"मग तुझं दे की! तू तरी कुठे उघडतोस?"

लेमलने चिडून मला हिसकावले आणि चुलीकडे वळला. घाईत मी त्याच्या हातून निसटलो आणि धप्पकन जमिनीवर पडलो.

मित्रांनो, आमच्यात पवित्र पुस्तक पडले, की ते उचलून त्याचा मुका घेतात. बोलू लागण्याआधीच मुले हे शिकतात. रब्बी सर्वांत जवळ होते. ते वाकले, त्यांनी मला उचलले, धूळ झटकली आणि ओठांना लावले. मग मात्र ते जागच्या जागी थिजले.

हेंडल हळूच म्हणाली, "रब्बी, ज्याला आत्ता ओठ लावलेत, त्यालाच आग लावणार?"

मग रब्बी दाढीतल्या दाढीत हसले. "हात डोक्यापेक्षा शहाणे निघाले! अरे, यात पानोपानी देवाचं नाव आहे. एका माणसाची फसगत आहे, ती एकाच पानावर. यिटल, सुरी आण. तुझ्या जिभेपेक्षा कमी धारेची चालेल."

ते पान कापले गेले. पण जाळले नाही. आमची जीर्ण पाने जिथे पुरतात, त्या कबरस्तानाच्या कोपऱ्यात त्यालाही जागा मिळाली. मी हेंडलच्या पदरात परतलो. पुढच्या उपवासाला ती वाचत आली, कापलेल्या कडेवर तिचे बोट क्षणभर थांबले, आणि मग पुढच्या विलापाला तिचा आवाज पूर्वीसारखाच चढला.

फायव्हेल यांच्यावर माझा राग नाही. आशा धरणे हा गुन्हा नव्हे. पण वाचणाऱ्याला न सांगता ती त्याच्या तोंडी घालणे बरे नव्हे. म्हणून छापले आहे तेवढ्यावरून खरे मानू नका, आणि एक पान चुकले म्हणून सगळा ग्रंथ चुलीत घालू नका. आणि मित्रांनो, एखादे पुस्तक तुमच्या हातून पडलेच, तर आधी उचला. न्यायनिवाडा मागाहून करता येतो.