विटांवरची ट्रंक

मित्रांनो, उभ्या आयुष्यात मी कधी जमिनीवर निवांत टेकले नाही. मी पत्र्याची एक जुनी ट्रंक. बंगालमधल्या मालद्याच्या बाजारात माझा जन्म झाला. झाकणावर गुलाबांची जोडी रंगवून पुतुल मला लग्नात सासरी घेऊन आली, आणि पहिल्याच दिवशी तिच्या सासूने मला पलंगाखाली विटांवर चढवलं. गंगेकाठचं गाव! पाणी कधी घरात शिरेल, काही नेम नाही.

दोनदा तर नदीने घरच गिळलं. दोन्ही वेळा लोक आधी मला डोक्यावर घेऊन पळाले. तेव्हा माझं केवढं कौतुक! मग नवी झोपडी, नव्या विटा, आणि मी पुन्हा अंधारात. माझ्या बिजागऱ्यांना थेंबभर तेल द्यावं, हे काही कुणाला सुचलं नाही.

पुतुलची लेक झिनुक. या पोरीने काठापासून थोडा आत एक बांबू रोवला होता. नदी काठ खात त्याच्या किती जवळ सरकली ते रोज बघायची आणि भिंतीवर आकडेमोड करायची. बारावी झाली तशी म्हणाली, "मी उपयोजित गणित शिकणार." दोन कॉलेजांत नंबर लागला. एक कलकत्त्याचं, नावाजलेलं. दुसरं उत्तरेकडे जलपाईगुडीचं, साधंच. पण तिथे मुलांना होडीतून तिस्ता नदीत नेतात, पाण्याचा वेग मोजायला लावतात.

आणि माझे हाल सुरू झाले! सकाळी कलकत्त्यासाठी नवे ड्रेस भरायचे, दुपारी ते उपसून जलपाईगुडीसाठी स्वेटर कोंबायचे. झाकण उघड, झाकण आपट. जीव नुसता टांगणीला!

बाप दूर केरळात गवंडीकामाला, म्हणून घरात शब्द गोबिंदकाकाचा. तो म्हणायचा, "अगं, कलकत्त्याचं नाव घेतलंस की लोक बसायला खुर्ची देतील. जन्मभर पाणीच बघितलंस, आता फी भरून पाणी बघणार?"

"काका, तिथे खऱ्या नदीचं गणित करायला मिळतं हो," झिनुक म्हणायची, आणि जरा वेळाने स्वतःच डळमळायची.

शेवटी कलकत्ता ठरलं. दोन्हीकडची प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. झिनुकच्या कपाळाला दह्याचा टिळा लागला, सगळ्यांनी "दुर्गा, दुर्गा" म्हटलं, मी तीनचाकी सायकल-व्हॅनवर चढले. निघालेल्या माणसाला आमच्याकडे मागून हाक मारत नाहीत. कुणी मारलीच, तर निघालेल्याने परत येऊन घटकाभर बसायचं.

"झिनुक! थांब गं!"

सख्ख्या आईनेच हाक मारली!

"वहिनी, वेड लागलं का तुम्हाला?" काका ओरडला.

"लागलं," पुतुल म्हणाली. "पोरीचा बांबू आत्ता नदीत गेला. गप्प कशी बसू?"

झिनुक परतली. मला अंगणात उतरवलं आणि ती माझ्यावरच बसली.

"मा, माझ्या हिशेबाने बांबू पुढच्या वर्षीच्या पावसाळ्यात पडायला हवा होता. माझं कुठेतरी चुकतंय."

"मग काय चुकतंय ते जिथे कळेल, तिथे जा."

"आणि लोक काय म्हणतील?" काका म्हणाला.

"लोकांचं काय जातंय? नदी त्यांच्या दारात आलेली नाही!" पुतुलचा एवढा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

झिनुक उठली. "काका, उत्तरेकडची गाडी किती वाजता आहे?"

काकाने कपाळावर हात मारला. पण मला उचलून व्हॅनवर ठेवलं ते त्यानेच.

आता मी जलपाईगुडीच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर आहे. आल्याबरोबर झिनुकने खालून विटा आणल्या आणि मला त्यांवर ठेवलं. मैत्रिणी पोट धरून हसल्या. "अगं, इथे कुठलं पाणी येणार?" झिनुकही हसली, पण विटा तिने काढल्या नाहीत.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना अधूनमधून तेलपाणी करा. आणि कुणाची ट्रंक विटांवर दिसली, तर हसू नका. माझा जीव अजून थाऱ्यावर नाही; पावसाळा सरायचा आहे आणि पुतुल त्याच काठावर राहते. नदी कुठवर येणार याचं झिनुकचं गणित जमेल, तेव्हा गावच्या घरात ती आपल्या हाताने माझ्याखालच्या विटा काढेल. तोवर मला जमिनीवर टेकायचं नाही.