काळ्या केसांची बाटली

शेण काढायला काकू गोठ्यात शिरल्या, तर कालवड भिंतीला डोकं टेकवून उभी. दात करकरा खात होती. डोळ्यांपुढे हात नेला तरी पापणी लवली नाही. आई मेल्यावर काकूंनी तिला दूध पाजून जगवलेलं. त्यांनी काकांना हाक मारून डॉक्टरला बोलवायला पिटाळलं.

जनावरांचा डॉक्टर आला. म्हणाला, "शिसं पोटात गेल्यासारखं वाटतंय. जुनी बॅटरी, रंगाचा डबा, काही चाटलं का?"

"छे! आमच्याकडे कुठला आलाय रंग?" काकांनी टोपी कानांपर्यंत ओढली.

"मग मेंदूचा ताप धरून सुई देतो."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन महिने झाले, हा गृहस्थ उजाडायच्या आत गोठ्यात शिरून आरशाच्या तुकड्यापुढे डोक्याला काहीबाही चोपडत होता. दूध सोसायटीचा अध्यक्ष व्हायचं होतं ना! रोज थोडं लावलं की केस आपसूक काळे होतात, कुणाला पत्ता लागत नाही, असं दुकानदाराने पढवलेलं. आठवड्यात गावभर झालं होतं. गावाला कळलंय हे कळलं नव्हतं ते फक्त यांना. आणि आता मुकं जनावर मरायला टेकलं, तरी हे तोंडातून ब्र काढत नव्हते.

"थांबा डॉक्टर," म्हणत काकूंनी गव्हाणीमागे हात घातला. बाटली आडवी पडलेली, बूच सैल, निम्मी सांडलेली. खालची फरशी चाटून लख्ख झाली होती.

डॉक्टरने बाटलीवरचा कागद वाचला. "शिशाचाच क्षार आहे हा. गोड लागतो, म्हणून चाटत राहिली बिचारी."

"पण दुकानदार म्हणाला, काही अपाय नाही," काका पुटपुटले.

"त्याने चाटून दाखवली होती का?" काकू कडाडल्या. "तुम्हाला विचारलं तेव्हा जीभ झडली होती?"

डॉक्टरने औषध बदललं, सुई टोचली. "बहुतेक वाचेल. नजर परत येईल की नाही, सांगवत नाही."

काकूंनी कालवडीच्या गळ्यात हात टाकला आणि त्यांना रडू फुटलं. तेवढ्यात काका डॉक्टरच्या कानाशी लागले, "अहो, शिसं नसलेली एखादी बाटली मिळते का? मतदान रविवारी आहे."

काकूंनी पदराने डोळे पुसले. "डॉक्टर, तिकडं लक्ष देऊ नका. आधी जिला अक्कल आहे, तिच्याकडं बघा."