बाळाची पावडर

ब्रेबेस या कांद्याच्या मुलखातल्या आमच्या गावात कांदा घरात माणसासारखा राहतो. पुढच्या लागवडीसाठी राखलेल्या लाल कांद्याच्या जुड्या बांधायच्या, पलंगावरच्या बांबूंना टांगायच्या आणि कीड लागू नये म्हणून त्यांवर पांढरी भुकटी मारायची. जुड्या बापजाद्यांच्या काळापासूनच्या. भुकटी फार मागाहून आली, पण आम्हाला तीही बापजाद्यांचीच वाटू लागली. वारसनच्या घरीही असंच चाले. त्या जुड्यांखाली त्याची बायको कुन्याती आणि मुलगी लास्त्री झोपायच्या.

लास्त्री पाच वर्षांची, पण दिसायला तीन वर्षांच्या पोरीएवढी. बोलायचीही मोजकेच शब्द.

"खायला घालतेस की नुसता वास देतेस गं पोरीला?" वारसनची आई सुनेला रोज सुनावायची. तिला घरीदारी सगळे म्बाह, म्हणजे आजी म्हणत.

"घालते की, म्बाह. अंगाला लागत नाही, त्याला मी काय करू?"

"तुझ्या तर पोटालाही काही लागत नाही!"

हा घाव वर्मी बसे. लास्त्रीनंतर दोनदा कुन्यातीचा गर्भ गेला होता. आता पुन्हा पाचवा महिना लागला होता आणि ती पाऊलसुद्धा जपून टाकत होती. लास्त्री मात्र खुशीत असे. आईच्या पोटाला गाल लावून "बाळ, बाळ" करी.

गावची सुईण बू रासमी कुन्यातीला तपासायला घरी आली. कुन्यातीचा गळा तिला जरा फुगल्यासारखा वाटला. तिनं वर पाहिलं, मग उशीवरून बोट फिरवलं. बोट पांढरं झालं.

"वारसन, या जुड्या आजच बाहेर काढ."

"आणि बियाणं गेलं तर? शेतात काय माझं डोकं लावू?"

"अरे, ही भुकटी किड्यालाच मारते, असं नाही. पाळी, गर्भ टिकणं, पोराची वाढ, या सगळ्याचे हुकूम शरीर रक्तातून धाडतं. संप्रेरकं म्हणतात त्यांना. अशी काही रसायनं त्या हुकमांतच घोळ घालतात. आईच्या गळ्यातली ग्रंथी मंदावली, तर पोटातल्या बाळाचा मेंदू नीट वाढणार कसा? लास्त्रीचं नि कुन्यातीचं रक्त तपासून घ्या."

कुन्याती कशीबशी म्हणाली, "म्हणजे माझी आधीची दोन्ही..."

"ते मी छातीठोकपणे नाही सांगू शकत गं. कारणं पुष्कळ असतात. पण धोका डोक्यावर टांगून झोपायचं कशाला?"

म्बाह हसली. "मी याच घरात, जुड्यांखालीच सहा बाळंतपणं काढली, पोरी!"

"तेव्हा ही भुकटी होती का, म्बाह?"

वारसननं विषय झटकला. "लागवड आली की निघतीलच त्या," म्हणाला.

जुड्या तिथेच राहिल्या. लागवडीच्या आधीच कुन्यातीच्या पोटात कळा सुरू झाल्या आणि तेही बाळ गेलं. वारसननं ते इवलंसं गाठोडं कबरस्तानाच्या कोपऱ्यात पुरलं आणि घरी येऊन तो उंबऱ्यावर बसून राहिला.

संध्याकाळी बू रासमी कुन्यातीपाशी बसली होती. आमच्याकडे पोरांची संध्याकाळची अंघोळ झाली की त्यांची तोंडं पावडरीनं पांढरीफटक करतात. लास्त्रीही तशीच तोंड रंगवून आली. हातात नारळाची करवंटी होती, पांढऱ्या भुकटीनं भरलेली. ती तिनं आईपुढे धरली.

"बाळ. पावडर."

"ही कुठून आणलीस गं, राणी?" बू रासमीनं विचारलं.

लास्त्रीनं पलंगाखाली बोट दाखवलं.

"अगं बाई!" म्बाह किंचाळली. "रोज तोंड पांढरं दिसायचं हिचं! मला वाटायचं, कुन्याती लावते!"

"आणि मला वाटायचं, तुम्ही लावता!"

पोर रोज जुड्यांची सांडलेली भुकटी तोंडाला फासत होती आणि येणाऱ्या भावंडासाठी त्यातली थोडी राखूनही ठेवत होती!

वारसन ताडकन उठला. नाकातोंडाला फडकं बांधून त्यानं जुड्या अंगणापलीकडच्या खोपटात नेल्या. म्बाह लास्त्रीचं तोंड पुन्हा पुन्हा धूत होती आणि रडत म्हणत होती, "सुनेला बोलले गं मी! सुनेलाच बोलत राहिले!"

पुढे रक्ताच्या तपासणीत मायलेकी दोघींचीही ग्रंथी मंद निघाली. औषध सुरू झालं. लास्त्री आता थोडी उंच झाली आहे, दोनचार शब्द जोडून बोलते. पण हातची गेलेली वर्षं सगळी परत मिळतील, असं बू रासमी म्हणत नाही. आपण विचारलं तरी म्हणत नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, मूल खुरटलं, गर्भ गेला, की आपण आधी बाईला बोल लावतो. त्याआधी एकदा आपल्या घरात मान वर करून बघा! विषाची जागा माणसांच्या घरात नाही, आणि आईच्या अंथरुणावर तर मुळीच नाही.

ती करवंटी बू रासमी घेऊन गेली. लास्त्री अजूनही कधीमधी पलंगाखाली वाकून ती शोधते आणि विचारते, "बाळ कधी येणार?"