चार रविवारांची रिकामी डबी

“डबी रिकामी आली म्हणून हुश्श करू नकोस. तोंडाने विचार, कोण भेटलं, काय बोललं,” सासूबाई म्हणाल्या होत्या. चर्चच्या आजाऱ्यांची यादी वीस वर्षं त्यांच्याकडे होती. त्यांची नजर गेली तशी ती यादी माझ्याकडे आली. मी मनात म्हटलं, झालं, आता यातही चौकशा! पदवीधर बाई मी. छान रकाने आखून तक्ता भिंतीला लावला.

आमच्या धर्मग्रामाला, म्हणजे चर्चच्या वस्तीला, स्वतःचे फादर नाहीत. महिन्यातून एकदा येतात, मिस्साची उपासना करतात, पुढच्या रविवारांपुरता ख्रिस्तप्रसाद, म्हणजे आशीर्वादित भाकर, ठेवून जातात. बाकी सगळं आम्हा प्रापंचिकांच्या गळ्यात. घरी पडून असलेल्यांना दर रविवारी ख्रिस्तप्रसाद पोचवणं, हेही. माणसं मोजून डबी भरायची ती मी. आजारी भेटला नाही, तर नेणाऱ्याने तो स्वतःच घ्यायचा, असा आमचा रिवाज. म्हणजे डबी परत येते ती रिकामीच. ती आली की मी तक्त्यावर खूण करायची आणि कडेवरच्या लेकीचं कपाळ चाचपायची. तिचा खोकला हटत नव्हता; माझे कान सारखे तिच्या छातीशी.

ऑर्गनबाई डबी नेणाऱ्या शिंपीकाकांच्या वाट्याला होत्या. चाळीस वर्षं चर्चमध्ये ऑर्गन वाजवला, अर्ध्या धर्मग्रामाला सूर शिकवला. मला म्हणायच्या, “तुला गळा नाही गं, उत्साह आहे.” आता गुडघ्यांनी दगा दिला होता, जिना उतरणं बंद, घरात एकट्या.

यादी माझ्याकडे आल्यावर पाचव्या रविवारी एका गाण्याची चाल कुणाला आठवेना. मी म्हटलं, “काका, आज ऑर्गनबाईंना विचारून याल?”

“त्या कुठल्या भेटायला! भाचीकडे गेल्या असतील.”

“कधी?”

“महिना झाला की. दार वाजवतो, कोणी उघडत नाही. मग मीच घेतो. रिवाजच आहे ना?”

“मला सांगायचं नाही का?”

“तू विचारलंस कुठं? तुझा तक्ता भरला की तू खूश.” मग नजर चुकवून म्हणाले, “मला वाटलं, तुला ठाऊक असेल.”

लेकीला घेऊन तशीच निघाले. दोन जिने चढून दार वाजवलं. काही नाही. परत फिरणार, तेवढ्यात लेकीला खोकल्याची उबळ आली, म्हणून तिची पाठ चोळत थांबले. नाहीतर मीही गेलेच असते. आत काहीतरी घासत होतं. खुर्ची पुढे ढकलत, तिच्या आधाराने बाई येत होत्या. कडी निघायला आणखी वेळ गेला.

“शिंप्याची पावलं उतरताना ऐकू यायची,” त्या म्हणाल्या. “मी हाक मारायचे, पण आवाज उरलाय कुठं?”

टेबलावर पांढरा रुमाल अंथरला होता, त्यावर मेणबत्ती. ख्रिस्तप्रसाद येणार म्हणून मांडतात तशी.

“वाटलं, वाजवता येईना म्हणून यादीतून काढलंत.”

“नाही हो बाई, नाव होतं. दर आठवड्याला खूण केलीय मी.”

“खूण?” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. घाईत मी ख्रिस्तप्रसादही नेला नव्हता.

पुढच्या रविवारी स्वतः डबी घेऊन गेले. दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, “गुरुवारी भाची घेऊन गेली. कुठल्याशा वृद्धाश्रमात. जाताना विचारत होत्या, चर्चमधून कोणी आलं का?”

भाचीचा पत्ता कुणाकडेच नव्हता. समितीने तक्त्यात एक रकाना वाढवला: ‘भेट झाली का?’ फादर म्हणाले, प्रार्थना करू. मी अकरा धर्मग्रामांना पत्रं लिहिली. दोन उत्तरं आली, दोन्ही नकाराची. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हा सगळ्यांना लिहितेय. तुमच्याकडच्या वृद्धाश्रमात एक अंगाने उंच, बारीक आवाजाच्या, टेबलावर बोटं वाजवत बसणाऱ्या बाई नव्याने आल्या असतील. एकदा जाऊन बघा. दार वाजवा आणि थांबा. त्यांना यायला फार वेळ लागतो.