रबाबच्या आवाजामागचा घोंघाट

संगणकातून पुन्हा तेच आलं, घोंऽऽ, आणि त्याच्याखाली कुठेतरी बुडालेला रबाबचा, त्याच्या बायकोचा, आवाज. मुनीबने घाईघाईने टेप बंद केला, कॅसेट काढली आणि आत बोट फिरवलं. बोटाला तपकिरी भुकटी लागली.

"बघ. दर वेळी एवढी झडते," तो म्हणाला.

शफीक, रबाबचा धाकटा भाऊ, गल्लीपलीकडच्या इमारतीत राहायचा. त्याने मुनीबचं बोट उजेडाकडे वळवून पाहिलं.

रबाब गेली त्याला सहा महिने होत आले होते. इकडे युद्ध चालू होतं आणि मुनीब कुवेतला कामाला होता, तेव्हा टपाल बंद पडलं. बायका कॅसेटवर बोलायच्या आणि ती कुवेतला जाणाऱ्या माणसाच्या हाती नवऱ्याला धाडायच्या. रबाबची एवढी एकच उरली होती. तीही विरायला लागली होती, आणि संगणकात उतरवायला घेतली की हा घोंघाट. टेपला नुसते हेडफोन लावले तर आवाज स्वच्छ यायचा. संगणकाची तार जोडली की सुरू.

"अबू जुमाना, संगणकातच साफ करू की," शफीक म्हणाला. जुमानाचे बाबा, अशी मुलीच्या नावानेच तो त्याला हाक मारायचा. आधी भरलेला तुकडा घेऊन त्याने चार कळा दाबल्या. घोंघाट गेला, पण रबाब पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखी वाटली.

"ही कोण बाई?" मुनीब ओरडला. "पूस ते!"

"बरं, बरं. मग टेपच्या वायरीतली अर्थिंगची तार तोडतो. लग्नात स्पीकर घोंघावले की सगळे हेच करतात."

"तुमच्या लग्नातली गाणीही तशीच असतात."

तरी त्याने तोडू दिली. मग एका हाताने टेपचं पत्र्याचं अंग धरून तो दुसऱ्या हाताने संगणकाची तार खुपसायला गेला, आणि कुणीतरी छातीत लाथ घातल्यासारखा मागे कपाटावर आदळला.

"या अल्ला! मुनीब! बोला काहीतरी!" शफीकचा चेहरा पांढराफटक. "आज बहिणीकडेच पोचवलं असतं मी तुम्हाला!"

"मला पोचव रे," मुनीबच्या दातांवर दात आपटत होते, "कॅसेट बघ आधी."

कॅसेट ठीक होती. शफीकने अर्थिंगची तार पुन्हा जोडली. मुनीब जमिनीवर बसून आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत राहिला. एका हातात टेप होता, दुसऱ्यात संगणकाची तार. झटका त्या दोघांच्या मधून आला होता.

"शफीक, संगणक कुठल्या विजेवर आहे?"

"तुमच्या. गल्लीतल्या जनरेटरच्या."

"आणि टेप?"

शफीकने गॅलरीकडे पाहिलं. त्याच्या गच्चीवरच्या सोलरच्या बॅटऱ्यांवरून एक वायर गल्ली ओलांडून मुनीबच्या घरात आली होती. जनरेटर मध्येच बंद पडला आणि टेपने फीत चावली तर, या धास्तीने मुनीबनेच ती मागून घेतली होती.

"दोन घरांची वीज, दोन घरांची अर्थिंग," मुनीब म्हणाला. "आणि मी त्यांना एका तारेने बांधतोय. भांडणारच."

संगणकही शफीकच्या वायरीवर लावला. कॅसेट न घालताच टेप चालू केला. स्पीकरमध्ये काहीच नाही, नुसती बारीक सळसळ. मुनीबने कॅसेट उचलली, पण लगेच घातली नाही. आता खरी कॅसेट लावायची होती, आणि ती पुन्हा लावता येईल की नाही, कुणी सांगावं?

शफीकने बायकोला फोन केला. "धुण्याचं मशीन लावू नकोस. बॅटरीवर ताण येईल."

"तुझ्या सदऱ्याला मासळीचा वास मारतोय, तो काय वाळूने घासू?"

"एक तास, हुदा. रबाबसाठी."

पलीकडे मशीनचं झाकण मिटल्याचा आवाज आला. "लावत नाही."

मुनीबने कळ दाबली. रबाब बोलू लागली, अगदी खोलीत बसल्यासारखी. पीठ मिळत नाही, जुमानाला दात आलाय, तू मोजे धुतोस की तसेच घालतोस? त्याने ऐकलं नाही. तो फिरणारी चाकं बघत होता. मधेच फीत किरकिरली, आवाज वाकडा झाला, तसा त्याने शफीकचा दंड असा आवळला की शफीक विव्हळला. समुद्राकडून एक ढग सोलरच्या दिशेने सरकत होता. फीत सरळ झाली. रबाब हसली, देवाच्या हवाली, म्हणाली. मग खटकन आवाज, आणि फीत तुटून आतच गुंडाळली गेली.

शफीकने तुटकी फीत बाहेर ओढली. जागोजागी ती आरपार दिसत होती.

"संगणकात आलं का सगळं?"

"आलंय असं दिसतं."

"दिसतं नको. जुमानाला पाठव."

साओ पावलोहून मुलीचा फोन येईपर्यंत त्याने संगणकाला कुणाला हात लावू दिला नाही.

"बाबा, ऐकलं," जुमाना रडत होती. "स्वच्छ आहे. शेवटपर्यंत. मम्मा मोज्यांवरून बोलते ते पुन्हा लावू?"

नको, झडेल, असं त्याच्या ओठांवर आलं. मग त्याची नजर संगणकाकडे गेली.

"लाव," तो म्हणाला. "परत परत लाव."