बारी सोडलेल्या गावाची चावी

मी एक जुनी चावी आहे, मित्रांनो. चावी म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर कपाट किंवा तिजोरी आली असेल, तर तसे नाही. मी कमरेएवढी उंच, लोखंडाची, वर आडवी मूठ आणि खाली चौकोनी तोंड असलेली पाण्याची चावी आहे. रस्त्याकडेच्या खड्ड्यात, झाकणाखाली, नळाच्या पाइपचा व्हॉल्व्ह असतो. त्याच्या माथ्यावर माझे तोंड बसवून मला फिरवले की पाणी सुटते, उलटे फिरवले की बंद होते. मला एवढेच काम येते. कुणाच्या हाताने फिरायचे हे मात्र मला ठरवता येत नाही.

माझा जन्म लातूरचा. खिडक्यांच्या जाळ्या आणि गेट बनवणाऱ्या एका वेल्डरने मोडक्या नांगराच्या दांड्यातून मला घडवले. त्याने मला दुकानाबाहेर उन्हात टेकवून ठेवले तेव्हा समोरून क्लासची मुले पाठीवर दप्तरे घेऊन घाईघाईने चालली होती. आपणही शहरातच राहू, एखाद्या मोठ्या अपार्टमेंटला पाणी पाजू, अशी माझी समजूत होती. पण नशिबात एसटी होती. अहमदपूरच्या गाडीत सीटखाली आडवी पडून मी निघाले आणि जो तो माझ्यावर अडखळू लागला. कंडक्टर वैतागून म्हणाला, "हिचंबी तिकीट काढा आता, लई जागा खाऊन राहिली."

अशी मी गावात आले. गावाचे नाव सांगत नाही. सांगून तरी काय होणार? गावात एक उंच टाकी, तिच्या पायथ्याशी विहीर, आणि प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक व्हॉल्व्ह. वरली गल्ली, पेठ, मधली गल्ली आणि ओढ्याकडच्या उतारावर बौद्ध घरांची खालची वस्ती. पाणी सोडायला नोकर ठेवला की तो टिकत नसे, कारण त्याला सगळ्यांच्याच शिव्या खाव्या लागत. म्हणून जुन्या मंडळींनी एक तोड काढली. मी महिनाभर एका घरी राहायचे, त्या घराने सगळ्या गावाला पाणी सोडायचे, आणि महिना संपला की शेजारच्या घरी जायचे. याला गावात बारी म्हणत.

ते दिवस आठवले की मला भरून येते. किती घरे पाहिली मी! पेठेतल्या वीरण्णांच्या घरी दुकानातले तेल लावून माझी मूठ पुसली जाई. मधल्या गल्लीतल्या सिंधुच्या घरी तिची लेकरे माझा घोडा करून अंगणभर फिरत. ज्याच्या घरी मी असे, त्याला बाकीचे लोक रोज टोचून बोलत. "आज लवकर बंद केलं की वो!" पण बोलणाऱ्यालाही ठाऊक असे की पुढेमागे आपलीही बारी येणार आहे, आणि तेव्हा आपल्यालाही ऐकून घ्यावे लागणार आहे. त्यामुळे कुणी फार ताणत नसे.

मात्र मधल्या गल्लीचे शेवटचे घर झाले की बारी पुन्हा वर जाई. खालच्या वस्तीत मी कधीच गेले नाही. तसा नियम कुणी केलेला नव्हता, पण मोडलाही नव्हता. मग वस्तीतल्या कोंडाबाईच्या घरी धम्मप्रिया ही सून आली. ती नांदेडची, शेजारच्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी. तिने ग्रामसभेत उभे राहून सरळ विचारले, "आमच्या वस्तीची बारी कधी येणार?" लोक एकमेकांकडे पाहू लागले. नाही म्हणायला कुणाकडे कारण नव्हते, म्हणून हो म्हणावे लागले.

तो महिना मी कोंडाबाईच्या घरी राहिले. म्हातारी पहाटे उठून, पदर खोचून, आधी वरच्या गल्लीचे पाणी सोडायची आणि आपल्या वस्तीचे शेवटी. कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये म्हणून ती फार जपायची. दुपारी मी तिच्या पुढच्या खोलीत बाबासाहेबांच्या तसबिरीखाली उभी असे. मला तिथे फार मानाने ठेवले होते. महिना संपल्यावर मधल्या गल्लीतली राहिलेली बारी पुरी करायला मी परत गेले, तेव्हा सिंधुच्या सासूने मला उंबऱ्याबाहेर थांबवले आणि दोन बादल्या पाणी ओतून धुतले. मित्रांनो, मी लोखंड आहे, मला विटाळ कळत नाही. पण त्या दिवशी मला रडू आले. सिंधु दारात उभी राहून पाहत होती. तिला ते आवडले नव्हते, पण ती काही बोलली नाही.

त्यानंतरचे वर्ष कोरडे गेले. विहीर तळाला गेली आणि टँकर सुरू झाले. टाकीत येणारे पाणी इतके थोडे की एका गल्लीला जरा जास्त गेले तर दुसऱ्या गल्लीच्या घागरी रिकाम्या. एका सकाळी पेठेच्या व्हॉल्व्हपाशी दोन गल्ल्यांची माणसे मला दोन्ही बाजूंनी ओढू लागली. शिवीगाळ झाली, एकाचा सदरा फाटला. तेवढ्यात जोरात शिट्टी वाजली आणि सगळे गप्प झाले.

शिट्टी व्यंकटची होती. वरल्या गल्लीतला हा माणूस लातूरला एका क्लासच्या होस्टेलवर पोरांना शिस्त लावायचे काम करून नुकताच गावी परतला होता. त्याने मला त्या ओढाताणीतून सोडवले, रांग लावली आणि सगळ्यांना सारखे पाणी दिले. त्याच्या सख्ख्या भावाने एक घागर जास्त भरायला घेतली, तर व्यंकटने ती सगळ्यांदेखत ओतून दिली. लोक थक्क झाले. खरे सांगते, त्याच्या हातात मलाही हायसे वाटले. कोंडाबाईसुद्धा म्हणाली, "लई बरं झालं माय. भांडणं तर मिटली."

मग ग्रामसभा भरली. पाऊस पडेपर्यंत चावी व्यंकटकडे ठेवावी असा विषय होता. सरपंचांनी मान डोलावली, कारण त्यांच्या डोक्याचा ताप कमी होत होता. तरी काही जण घुटमळत होते. आपल्या घरची बारी कायमची गेली तर, अशी शंका त्यांना होती. तेव्हा वीरण्णा शेजारच्या माणसाकडे झुकून हळूच म्हणाले, "बारी पुन्हा सुरू झाली की चावी पुन्हा खाली जातीया. त्यापेक्षा व्यंकटकडंच असल्याली बरी."

मी तिथेच भिंतीला टेकून होते, मला स्पष्ट ऐकू आले. ते वाक्य एका कानातून दुसऱ्या कानात गेले आणि घुटमळणारे हात एकेक करून वर झाले. मला ओरडावेसे वाटले की अरे, एका वस्तीच्या घरी जाऊ नये म्हणून तुम्ही सगळेच आपापल्या घरची बारी सोडून देताय! पण चावीला तोंड असते ते व्हॉल्व्हवर बसण्यापुरते. धम्मप्रिया तेवढी उठली आणि म्हणाली, "पाऊस पडल्यावर चावी परत कशी येणार, ते आजच ठरवा." त्यावर मागून कुणीतरी म्हणाले, "मॅडम, पाऊस तर पडू द्या आधी!" आणि सभा हसत हसत उठली.

पुढचे सगळे फार सावकाश झाले, म्हणून कुणाच्या डोळ्यांत आले नाही. व्यंकटने माझी मूठ रंगवून तिच्यावर आपले नाव घातले. गावाचा पाण्याचा मोबाईल ग्रुप होता, त्यावर आधी कुणीही तक्रार टाकत असे. व्यंकटने म्हटले, फार गोंधळ होतो. त्या दिवसापासून ग्रुपवर एकटा तोच लिहू लागला आणि बाकीचे नुसते हात जोडल्याची चित्रे पाठवू लागले. नंतर तेही त्याने बंद केले. महिन्याला भरणारी पाणी समितीची बैठक आधी पुढे ढकलली, मग तिची आठवण कुणी काढीना. पाणी वेळेवर येत होते ना, मग बैठक कशाला, असे लोकच एकमेकांना सांगत.

एक दिवस टाकीजवळ पाइप फुटला. तिथला सांधा कधीचा गंजलेला होता. मी रोज तिथून जात असे, मला ठाऊक होते. व्यंकटने ग्रुपवर लिहिले की खालच्या वस्तीतल्या पोरांनी पाइप फोडला. फुटलेली जागा चावडीवरून दिसत होती, चार पावले चालून जाऊन कुणीही पाहिले असते. कुणी गेले नाही. वस्तीचे पाणी निम्म्यावर आले, आणि शिक्षा व्हायलाच पाहिजे होती असे पेठेत बोलले गेले. काही दिवसांनी वीरण्णा दुकानात सहज बोलून गेले, "पाइप जुनाच होता की." दुसऱ्या दिवशी त्यांच्या गल्लीला पाणी सुटले नाही. गल्लीतल्या बायका व्यंकटला बोलल्या नाहीत, त्या वीरण्णांच्या दारात येऊन भांडल्या. तेव्हापासून वीरण्णा नुसता गूळ आणि चहापत्तीच विकतात.

त्या दिवशी त्यांच्या गल्लीचा व्हॉल्व्ह मीच बंद ठेवला होता, मित्रांनो. माझ्याशिवाय दुसरे कोण ठेवणार? मला किती वाटले की अडकून बसावे, वाकावे, तुटावे. पण वेल्डरने मला फार मजबूत केले आहे.

पुढच्या साली पाऊस चांगला झाला. विहीर काठोकाठ भरली, टाकी भरून वाहू लागली. आता चावी परत मागायला हरकत नव्हती. धम्मप्रिया शाळा सुटल्यावर घरोघरी फिरली. तिला चावी आपल्या घरी नको होती, ती पुन्हा सगळ्यांच्या घरी फिरावी एवढेच तिचे म्हणणे होते. सिंधु तर तिचा हात धरून म्हणाली, "हाव ताई, मी उभी राहते. लेकरंबी इचारत्यात, आपला घोडा कुठं गेला म्हणून." हे मी व्यंकटच्या खांद्यावरून जाताना ऐकले आणि कित्येक दिवसांनी मला आशा वाटली.

सभेला सगळे गाव आले. धम्मप्रियाने उठून चावी परत मागितली. व्यंकट रागावेल, आवाज चढवेल असे मला वाटले होते. तो हसला. त्याने मला सगळ्यांसमोर टेबलावर आडवे ठेवले आणि म्हणाला, "ही घ्या. मला काय हौस न्हाई. ज्याला पाहिजे त्यानं यावं आन् उचलावी."

कुणी हलले नाही. मी एकेकाकडे पाहत होते. वीरण्णा पायातल्या चपलेकडे पाहत होते. सिंधु अर्धी उठली होती. तिच्या नवऱ्याने तिच्या पदराला धरले आणि ती तशीच खाली बसली. तेव्हा धम्मप्रिया स्वतः टेबलापाशी आली. तिने माझ्यावर हात ठेवताच मागून आवाज आला, "तिच्या घरी नको!" आणि इतका वेळ मुकी असलेली सभा एकदम बोलू लागली. नको, नको, व्यंकटदादाच बरे.

धम्मप्रियाने हात काढून घेतला. "बरं, मी नाही घेत. आमची वस्ती बारीत नको असेल तर तेही आज राहू द्या. पण तुमच्यापैकी कुणीतरी उचला. कुणीही."

ती थांबली. मीही थांबले. बाहेर टाकीवरून पाणी पडल्याचा आवाज येत होता. शेवटी व्यंकटनेच मला उचलले आणि टाळ्या वाजल्या. सिंधुनेही वाजवल्या, डोळे पुसत.

सभेतून तो मला थेट खालच्या वस्तीच्या व्हॉल्व्हपाशी घेऊन गेला. कोंडाबाई दारात उभी होती. ती म्हणाली, "व्यंकटराव, आता तर टाकी भरून वाहून राहिली. मग आमचंच का बंद करता बाबा?"

"सभेत इचारायचं होतं," तो म्हणाला.

"इचारलं की आमच्या सुनंनं."

त्याने पायाने झाकण सरकवले. मला व्हॉल्व्हवर बसवले आणि घट्ट आवळले. माझे सगळे अंग नको नको म्हणत होते, आणि मी फिरले. टाकीवरून सांडलेले पाणी नाल्याने वस्तीच्या कडेकडेने ओढ्याकडे चालले होते. कोंडाबाई घागर घेऊन नाल्याकडे निघाली, तेव्हा मी तिच्याकडे पाहू शकले नाही.

अजून मी त्याच्याच घरी आहे. दुसऱ्या चाव्यांची आत्मवृत्ते तुम्ही वाचाल तर त्या म्हणतील, आम्हांला तेल लावा, गंजू देऊ नका. मला तेल भरपूर मिळते, माझी काही तक्रार नाही. माझे मागणे वेगळे आहे. मित्रांनो, कधीतरी तुमच्याही समोर कुणी अशी चावी टेबलावर ठेवील आणि हसत म्हणेल, ज्याला पाहिजे त्याने उचलावी. तेव्हा शेजारी उठतो का, ते पाहत बसू नका. मी काही फार जड नाही.