खाटकाच्या घरची कैदीण

रोमी साम्राज्यातल्या बिथिनिया प्रांतात, आमच्या बंदरात तेव्हा ख्रिस्ती म्हणावेत असे पाचच जण होते. त्यांत उठून दिसायची ती तातिया परटीण. हौदात उभी राहून पायांनी कपडे तुडवायची आणि तुडवता तुडवता गायची. ग्लिकोन खाटकाचा तिच्यावर दात होता. देवळात बळी दिलेल्या जनावरांचं मांस तो विकायचा. ही ख्रिस्ती मंडळी त्या मांसाला शिवत नसत, वर का शिवत नाही ते शेजाऱ्यांना सांगत बसत. गिऱ्हाईक विरळ होऊ लागलं तसं ग्लिकोनने नगरप्रमुखाकडे जाऊन तातियावर ख्रिस्ती असल्याचा आरोप ठोकला.

पण कोठडीचं छप्पर थंडीतच खाली बसलेलं. नगरप्रमुखाने गावचा जुना रिवाज उकरून काढला. प्रांताधिकारी न्यायाला येईपर्यंत, ज्याने आरोप केला त्यानेच आरोपीला घरी सांभाळायचं. झालं, तातिया ग्लिकोनच्या अंगणात येऊन बसली.

ख्रिस्ती लोक तान्ही पोरं खातात, असं आम्ही ऐकून होतो. ते बघायला अख्खी आळी लोटली. मीही गेले, तान्ह्या लेकीला छातीशी आवळून. तातियाला रिकामं बसवेना, म्हणून तिने ग्लिकोनचेच रक्ताळलेले अंगरखे भिजत घातले होते. ती गात होती:

धन्याचा अंगरखा, गुलामाची चादर
एकच ऊन बाई, दोघांच्या अंगावर

तिसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "हात अवघडले असतील गं तुझे. दे इकडे." मी दिली. मला पस्तावायला वेळ मिळण्याआधी लेक तिच्या खांद्यावर झोपलीसुद्धा. मग काय, आळीतल्या बायका कपडे घेऊन यायच्या, ते वाळेपर्यंत बसायच्या आणि वाळल्यावरही उठायच्या नाहीत. परटिणीच्या हौदात मूत असतं म्हणून एरवी तिच्या दारावरून नाक धरून जाणाऱ्या या बायका; पण कैदीण बघायची म्हटल्यावर कुणाला वास येईना.

पुढे ग्लिकोनच्या बायकोने, अम्मियाने, चुलीवर मांस चढवणं बंद केलं. सलग नऊ दिवस मसूर. खाटकाच्या घरात मसूर शिजतो हे गावाला कळलं तर मी तोंड कुठे लपवू, असं तो विचारायचा. ती आणखी एक पळी वाढायची. शेवटी तो नगरप्रमुखाकडे गेला, ही बाई परत घ्या म्हणून गयावया करू लागला. नगरप्रमुख म्हणाला, कागदावर शिक्का बसलाय.

प्रांताधिकारी आला त्या सकाळी अम्मिया नवऱ्याच्या खांद्यावर अंगवस्त्राची पिन लावत होती. मी दारातच होते.

"अहो, तुम्ही तातियाचं नाव घ्या," ती शांतपणे म्हणाली. "मग साहेब विचारतील, आणखी कोण? तेव्हा मी उभी राहीन."

"चेष्टा करतेस?"

तिने पिन घट्ट केली.

सम्राटाचा हुकूम असा, की ख्रिस्त्यांना हुडकत फिरायचं नाही. पण कुणी समोर उभं राहून आरोप केला आणि आरोपी 'मी ख्रिस्तीच' या म्हणण्याला चिकटून राहिला, तर सोडायचं नाही. म्हणजे आता सगळं ग्लिकोनच्या जिभेवर होतं. प्रांताधिकाऱ्याने बोल म्हटलं. ग्लिकोनने घसा खाकरला. समोर बसलेली अम्मिया डोक्यावरचं वस्त्र सारखं करू लागली, उठण्यापूर्वी बायका करतात तसं.

"साहेब, मी खोटा आरोप केला," तो म्हणाला. "या बाया माझ्याकडून मांस घेत नाहीत, ते देवाधर्मामुळे नाही. माझं मांस वातड असतं." मग मान खाली घालून, "वासही येतो."

अरे देवा! किनाऱ्यावर त्याच्याइतकं ताजं मांस कुणाकडे नव्हतं. प्रत्येक तुकडा स्वतः हुंगल्याशिवाय तो फळीवर ठेवत नसे. हे बोलताना त्याचे कान लालभडक झाले होते.

तातियाला खोटं ऐकवेना. ती खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मी लेक तिच्या कुशीत कोंबली आणि पोरीच्या पायाला हळूच चिमटा काढला. पोरीचं रडणं एवढं मोठं, की पुढचं कुणालाच ऐकू गेलं नाही.

प्रांताधिकाऱ्याने नाक मुरडलं, तातियाला सोडलं आणि खोट्या आरोपाबद्दल ग्लिकोनला वीस छड्या सुनावल्या.

दुपारी तो घरी पालथा पडला होता. अम्मिया पाठीला तेल लावत होती. अंगणात उभं राहायला जागा नव्हती. पाठ बघायच्या निमित्ताने चार नव्या बायका आल्या होत्या.

"किती ख्रिस्ती झालात गं आता?" उशीत तोंड खुपसून त्याने विचारलं.

"तुम्हाला धरून?"

"मला सोडून."

"एकोणीस."

त्याने उशीतून तोंड बाहेर काढलं. मग म्हणाला, "सध्या एकोणीसच सांगत जा."